तिच्या वाट्याचा फ्यूज

४ नोव्हेंबर
आलो एकदाचे नव्या घरात! घर जुनं आहे, पण ऐसपैस. आईची खाट खिडकीपाशी लावली, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. त्याच्याशिवाय तिला घटकाभरही निभत नाही, जीभ मात्र शाबूत आहे. भिंतींचा रंग पाहून म्हणाली, ठमे, हा निवडणाऱ्याला आधी चष्मा द्यायला हवा होता. कितीतरी दिवसांनी दोघी पोट धरून हसलो.

६ नोव्हेंबर
जुन्या कुठल्याच लाइनवर मशीन टिकेना, वायर तापते. वायरमनला बोलावलं. फ्यूजच्या पेटीत रिकामी जागा नव्हती, म्हणून त्याने एकेक फ्यूज काढून काय बंद होतं ते पाहिलं. सगळ्यात खालचा काढला तर घरात काहीच बंद झालं नाही. हा फुकटचा बसलाय, म्हणाला, आणि त्याची वायर सोडवून तिथे आईच्या मशीनची नवी लाइन जोडली. आईच्या खाटेवरून सूचना चालूच. आमच्या घरचे फ्यूज कायम तीच बांधायची, बाबांचे हात थरथरायचे. मशीन नीट सुरू झालं, माझा जीव भांड्यात पडला.

८ नोव्हेंबर
तिन्हीसांजेला मशीनचा फ्यूज उडतो. कालही, आजही. मी धावत जाऊन नवी तार बांधते. आई म्हणते, त्याच्या जरा आधी एक लहान मुलगी येते आणि मशीनच्या हिरव्या दिव्याला नाक लावून बसते. औषधाची गुंगी असणार, असं म्हणून मी विषय बदलला. पण मशीनवर बोटांचे ठसे होते, इवलेसे, चुन्याचे.

९ नोव्हेंबर
आधीच्या मालकांची बहीण राहिलेल्या कुंड्या न्यायला आली होती. फ्यूजचं ऐकून हातातली कुंडी खाली ठेवली आणि सांगू लागली. तिच्या भावाची मुलगी अंधाराला फार भ्यायची. मुलगी गेल्यावर त्याने तिची खोली भिंत घालून बंद केली आणि आतला दिवा त्या सगळ्यात खालच्या फ्यूजवर जळता ठेवला. बल्ब गेला की माळ्यावरच्या झडपेतून बदलायचा.
बहीण कुंड्या घेऊन निघाल्यावर मी झडप उघडली. आत मिट्ट काळोख. खाली कुणीतरी हुंदके देत होतं—

१० नोव्हेंबर
वायरमन बाहेरगावी. फोनवर म्हणाला, तेरवा येऊन दिवा दुसऱ्या लाइनवर देतो, तोवर पेटीतल्या वायरी हलवू नका.
आई म्हणते, आत्ताच दे तिला. आणि तुझं काय? मी ओरडलेच. म्हणाली, तू लहान होतीस तेव्हा तुझ्या दाराशी दिवा कुणी ठेवला?
मला दुसऱ्याच्या लेकराशी काही घेणं नाही. मला आई हवी आहे.

११ नोव्हेंबर
औषधं घेऊन परत आले. आई पेटीखाली, भिंतीला टेकून. हातात स्क्रूड्रायव्हर. जुनी वायर जागेवर, नीट आवळलेली. मशीन बंद.
अंग अजून कोमट होतं.

१२ नोव्हेंबर
आईला पोचवून आले. घर खायला उठतं. माळ्यावर चढले. झडपेतून उजेड येत होता. आई हसत होती, दम न लागता. सोबत एक पोरगी खिदळत होती. पोटभर रडले.

१३ नोव्हेंबर
सकाळपासून माळ्यावरच. आईचा आवाज ऐकत—
वायरमन आलाय. विसरलेच होते. खालून हाक मारतोय, ताई, दोन मिनिटांचं काम, मेन बंद करतोय. नको म्हणून ओरडले, त्याला ऐकू—

गेला उजेड. कौलांच्या फटीतून ऊन येतं तेवढ्यावर लिहितेय.

रडतायत. दोघी.

आई कधी अंधाराला भीत नसे.

ठमे म्हणते. हात दे म्हणते.

झडपेच्या कडेवर बोटं. चुन्याची. लहान, आणि—

दिला हात. आई, इतकं घट्ट नको धरूस, तो आत्ता लावेल दिवा, थांब ना, मी येतेच आहे, फक्त—