डोळे मिटून केलेली प्रार्थना

पारगाव,
१२ नोव्हेंबर २००१

ती. आक्कास, रखमाजीचा प्रभूत सलाम, वि. वि.

बाजाराला निघालेल्या टेम्पोवाल्या सोपानच्या हाती हे पत्र धाडतोय. आपला धाकटा जानकू काल संध्याकाळपासून घरी नाही. तुझ्याकडे आलाय का, लगेच कळव.

काल आमच्या घरी प्रार्थनेला पडवी भरली होती. ईस्टरपासून जानकूनं दारू सोडलीय, पण गेल्या आठवड्यात आळेफाट्यावर पाय घसरला. ते त्यानं माझ्या एकट्याच्या कानात सांगितलं होतं. मला लई भरून आलं, म्हणून सगळ्यांदेखत त्याचं नाव घेऊन मोठ्यानं प्रार्थना केली. आमेन म्हणून डोळे उघडले तर त्याची जागा रिकामी. उसाच्या बांधानं गेला म्हणतात. त्याच उसातल्या बिबट्यानं परवा गेणभाऊची शेळी नेली.

आक्का, मी प्रार्थनाच केली ना? रागवायचं काय त्यात?

तुझा रखमाजी

बेल्हे,
१३ नोव्हेंबर

चि. रखमाजीस, अ. आ.

इथं आला नाही. कुत्रं भुंकलं की मी दार उघडून बघते.

लहानपणी आम्ही हसायचो, की तुझी प्रार्थना देवाआधी शेजाऱ्यांना ऐकू जाते. आता हसू येत नाही. जानकूची बायको पुष्पाही तिथंच बसली असेल. तिला हे नवऱ्याकडून नाही, तुझ्याकडून कळलं. पारावर बसून बोलला असतास तर लोक चुगली म्हणाले असते. तू डोळे मिटलेस म्हणून ती प्रार्थना झाली.

आधी ऊस हुडका. एकटा जाऊ नकोस.

तुझ्या काळजीत,
ठकूआक्का

पारगाव,
१९ नोव्हेंबर

ती. आक्कास, सलाम, वि. वि.

पत्र्याचे डबे बडवत सगळा ऊस हुडकला. बिबट्याचे ठसे मिळाले, जानकूचं काहीच नाही. पुष्पा माझ्याशी बोलत नाही. नुसती बांधाकडं बघत उभी राहते.

काल प्रार्थनेत लोकांनी त्याच्यासाठी देवाकडं विनंती करायला मलाच पुढं केलं. उभा राहिलो, पण डोळे मिटवेनात. म्हटलं, भावानं विश्वासानं सांगितलेलं मी चव्हाट्यावर मांडलं, आणि मांडताना मला माझंच कौतुक वाटत होतं. कुणी आमेन म्हणालं नाही.

आज एका ट्रकवाल्यानं निरोप आणला. जानकू आळेफाट्याला एका गॅरेजमागं पडून असतो. पितो, जेवत नाही. त्याचं सांगणं असं, "भाऊला एकट्याला येऊ दे. पण माझ्यासाठी प्रार्थना करायची न्हाई."

उद्या पहिल्या एसटीनं जातोय. इतकी वर्षं कुणाच्याही दारी गेलो ते प्रार्थना घेऊनच. ती सोडून त्याच्याशेजारी कसं बसायचं, तेवढं मला सांग. तुझं उत्तर पोचायच्या आत मी तिथं असेन, हेही ठाऊक आहे.

दोघा भावांवर माया असू दे.

रखमाजी