त्या संध्याकाळी दादा घरी होता

अण्णा,

काल कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मला एक प्रतिज्ञापत्र करावं लागलं. पेन्शनच्या कागदांवर माझं माहेरचं नाव आहे, आधार कार्डावर सासरचं. ही दोन्ही नावं एकाच बाईची, एवढं शपथेवर लिहून द्यायचं होतं. कॉम्प्युटरवरच्या मुलीनं कागद पुढं सरकवला. मी वाचायला घेतलं तशी ती हसली. "वाचताय कशाला मॅडम? सगळ्यांचं सेमच असतंय की. खाली सही करा." शेवटच्या ओळीत जुन्या दंड संहितेच्या जागी आता न्याय संहिता आली आहे. बाकी ओळ तुमचीच.

तुमचं टायपिंगचं टेबल तिथून वीस पावलांवर असायचं. कागद मशिनमधून काढला की तुम्ही तो लगेच सहीला देत नव्हता. चष्मा पुसून शेवटची ओळ मोठ्यानं वाचायचात, 'वरील मजकूर खरा असून तो खोटा आढळल्यास मी दंड संहितेनुसार शिक्षेस पात्र राहीन', आणि समोरच्याला म्हणायचात, "आता तुमच्या तोंडानं म्हणा." शेजारच्या टेबलावरचे टायपिस्टकाका वैतागायचे. "अण्णा, आतला जज परवडला, तुम्ही न्हाय परवडत! गिऱ्हाईक पळतंय की." पण ओळ म्हणता म्हणता एखादा माणूस अडखळायचा, कान खाजवायचा आणि हळूच म्हणायचा, "वय जरा बदला की. दोन वर्सं हिकडं-तिकडं झाल्यात." तुम्ही न रागावता नवा कागद चढवायचात.

दादानं मित्राची जीप घेऊन हुपरी रस्त्यावर त्या सायकलवाल्याला उडवलं, तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. वर्तमानपत्रात नुकती लागले होते. तो माणूस हुपरीत चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडायचं काम करायचा. जागीच गेला. जीपची किल्ली जीपलाच होती, कुणीतरी गाडी नेली असेल, असं दादानं पोलिसांना सांगितलं. आता तो संध्याकाळभर घरी होता असं सांगणारं माणूस हवं होतं. वकील आधी तुमच्याकडं आले. "माझ्या तोंडातनं त्ये निघायचं न्हाय," एवढं बोलून तुम्ही बाहेरच्या खोलीत जाऊन बसलात. मग आई स्वयंपाकघरात मला म्हणाली, "एकच वाक्य तर हाय. भाऊ हाय तुझा. जलमभर पाठीशी ऱ्हाईल." बोलताना ती भाकरी थापत होती. माझ्या उत्तरासाठी तिचा हात थांबला. तुम्हाला बाहेर सगळं ऐकू येत होतं. तुम्ही मला 'नको' म्हणाला नाहीत. पुष्कळ वर्षं मी या एका गोष्टीच्या आधारानं जगले.

कोर्टात तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. मी शपथ घेते, खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. मग माझा आवाज येतो, स्वच्छ, जराही न कापता: "त्या संध्याकाळी दादा घरी होता." उलटतपासणीत मी टीव्हीवर काय लागलं होतं तेही सांगते. पिंजऱ्यातून उतरताना मागं बघते तर तुमची जागा रिकामी. घरी आल्यावर तुम्ही नेहमीसारखे जेवलात, ताट धुवून ठेवलंत. तुम्ही मारलं असतंत तर, असं मला अजूनही वाटतं. दादा संशयाचा फायदा मिळून सुटला. आईनं पेढे आणले, तुम्ही घेतला नाहीत.

पुढच्या वर्षी एका दुपारी मी तुमचा डबा घेऊन आले. शेजारच्या काकांनी मला बाजूला घेतलं. "पोरी, अण्णांचं काय बिनसलंय? वर्सभर झालं, ती ओळ वाचतच न्हाईत. नुस्तं सहीला देत्यात." मी काही बोलणार, तोवर टेबलासमोरच्या बाईकडं लक्ष गेलं. तिच्या बोटांची टोकं चांदीच्या कामानं काळी पडली होती. निराधार योजनेचं प्रतिज्ञापत्र होतं. नवरा हुपरी रस्त्यावर गाडीच्या धडकेत वारला, असं तिनं सांगितलं आणि तुमची बोटं मशिनवर तशीच राहिली. ती आपल्याला ओळखत नव्हती. खटल्याला तिचा दीर यायचा. तुम्ही पुन्हा टाइप करू लागलात. कागद काढून तिच्यापुढं ठेवलात तेव्हा ती म्हणाली, "वाचून दावा की मामा. तुम्ही वाचून दावता म्हणं."

तुम्ही तिच्याकडं बघितलं नाहीत. माझ्याकडंही नाही.

"तुमचं वाचाय नको, बाई. तुमचं खरं हाय."

मी डबा टेबलाच्या कडेला ठेवला आणि कामावर गेले. त्या दिवशी चार वाजता बातमी द्यायची होती. दिली, वेळेवर. आयुष्यभर मी मजकूर वेळेवर दिला, अण्णा, आणि दुसऱ्यांच्या खोट्यावर पुष्कळ लिहिलं.

काल सहीनंतर ओळखीच्या एका वकिलांना विचारलं, कुणी इतक्या वर्षांनी खोटी साक्ष कबूल केली तर? मी कुणाचं नाव घेतलं नाही. ते म्हणाले, "सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण ज्या कोर्टापुढं खोटं बोललं, त्या कोर्टानं तक्रार करायची असते. इतक्या जुन्या केसची आता फाईल तरी कुठं असंल? कशाला उकरताय, मॅडम?" म्हणजे मला शिक्षा देणारं कुणी उरलेलं नाही. एक होते, ते मागच्या बाकावरून उठून गेले. तुम्हाला जाऊनही आता सव्वीस वर्षं झाली, आणि ती ओळ तुम्ही शेवटपर्यंत पुन्हा वाचली नाहीत.

सही करण्याआधी मी ती दुकानात मोठ्यानं वाचली. 'खोटा आढळल्यास' इथं आवाज गेला. त्या मुलीनं पाण्याची बाटली पुढं केली, म्हणाली, "मॅडम, नुस्तं नावाचं तर हाय."

हे पत्र पाठवायचं, तर पत्ता एकच आहे, हुपरीचा. त्या बाईच्या प्रतिज्ञापत्राची कार्बन प्रत तुमच्या पेटीत होती. गल्लीसकट मला पाठ आहे. तीनदा एसटीनं तिथं जाऊन आले. तिन्ही वेळा स्टँडवरच चहा पिऊन परत फिरले. तेव्हा हेही माझ्याच कपाटात राहील.

तुम्हाला सगळं माहीत होतं. तरी मी ते तुमच्यापाशी कधी बोलले नाही, म्हणून एकदा माझ्या तोंडानं म्हणते. त्या संध्याकाळी दादा घरी नव्हता.