पेजवर न दिसणारी जाहिरात

भाई,

डबा ओट्यावर आहे, जेवून घे. मी राजगुरुनगरला इम्तियाज चाचांकडे निघालेय.

आपल्या गॅरेजच्या फेसबुक पेजवरून तू गुपचूप चालवलेली जाहिरात मी सकाळी बंद केली. ती पेजवर दिसत नाही, फक्त राजगुरुनगरच्या लोकांच्या मोबाईलवर जाते, म्हणून घरात कळणार नाही असं तुला वाटलं. पण पेज मीही सांभाळते, प्रत्येक लाइकचं नोटिफिकेशन मलाही येतं, हे विसरलास?

‘इम्तियाजभाईंचं गॅरेज बंद झालंय, गाडी आता आमच्याकडे द्या, घरून घेऊन जाऊ.’ कधी बंद झालं रे? ज्यांनी तुला पाना धरायला शिकवलं, त्यांच्या चालत्या गॅरेजला तू कुलूप लावलंस!

चाचांचं गॅरेज चालू आहे, अशी पोस्ट मी उघड टाकलीय, सगळ्यांना दिसेल अशी. ती काढायची नाही. काढलीस तर पुन्हा टाकेन. तुझ्या वतीनं माफी मी मागणार नाही, त्यासाठी तूच ये.

आणि त्या जाहिरातीला पहिला लाइक कुणाचा होता, सांगू? चाचांचा. चष्मा लावला नसेल. तुझा फोटो दिसला, म्हणून केला असणार.

आरफा