न भाजलेला राब

दि. २० जून २००४, रविवार

प्रिय दादा,

आज सकाळी शहापूरहून पहिल्या एस.टी.ने गावी आलो. फाट्यावर उतरून चालत घरी पोचलो. वहिनीने चहा दिला. मग दुपारपर्यंत भाताच्या वाफ्यात बसून तण काढलं. जेवलो. आता ओटीवर बसलोय. गुडघे दुखतायत आणि अंगात लिहिण्यापुरतंच बळ उरलंय.

तुला जाऊन पाच महिने झाले. एवढ्या दिवसांत तुला काही सांगावंसं वाटलं नाही, असं नाही. वाटलं की टाळायचो. आज वाफ्यात बसल्यावर ते टाळता येईना. दोन वर्षांपूर्वी याच जागी तू एकटा किती दिवस बसला होतास? मला ठाऊक नाही. मी आलोच नव्हतो ना!

त्या उन्हाळ्यात आमच्या कार्यालयाने शहर स्वच्छ आणि हिरवं ठेवायची मोहीम काढली होती. घरोघरी वाटायचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. बाजाराला कापडी पिशवी न्या. गळका नळ लगेच दुरुस्त करा. पालापाचोळा जाळू नका, खड्डा करून खत करा. अशा सूचना. तू बाजाराला आलास तेव्हा कार्यालयाच्या पायरीवर बसून ते पत्रक अख्खं मोठ्याने वाचलंस. चौथीपर्यंतची शाळा तुझी, प्रत्येक शब्दाखाली बोट.

"पानी वाचवा," तू वाचलंस आणि माझ्याकडे पाहिलंस. "धरान तुमच्या शहापुरात, पानी जातं मुंबईला, आन वाचवाचं कोनी? आमी!"

शिपाई हसला. मी म्हणालो, "दादा, हळू."

"हळूच बोलतो रे साहेब. आन हे प्लास्टिक नको लिवलंय, तं पावसात पाठीवर काय घेऊ? तू इरलं बांधून देतोस काय?"

मला इरलं बांधता येत नाही, हे तुला माहीत होतं. मला न येणारं सगळं तूच करायचास. बाबा गेले तेव्हा मी नववीत होतो. तू नांगर धरलास म्हणून मी कॉलेजला गेलो. हे आपण दोघं कधी बोललो नाही.

त्याच आठवड्यात बैठक झाली. एका साहेबांनी विचारलं, "मुरबाडच्या बाजूने येताना शेताशेतात धूर दिसतो. काय जाळतात हो हे लोक?" मी उभा राहून सांगितलं, की ऐनाच्या फांद्या, पाला, वाळलेलं शेण वाफ्यावर पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात, आणि मग त्या राखेत भात पेरतात. "म्हणजे तुमच्या घरीही?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. सगळे हसले. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, पण मला लागलं. जमीन भाजली की तणाचं बी मरतं, म्हणून भाजतात, एवढं तरी मला सांगता आलं असतं. ते मी सांगितलं नाही. खाली बसलो.

रविवारी गावी आलो, तेव्हा तुझा राब रचून तयार होता. फांद्या वाळून कडकडीत झाल्या होत्या. तू वारा पडायची वाट पाहत होतास.

"यंदा भाजू नकोस," मी म्हणालो.

"का रे? काडेपेटी महागली काय?"

"पत्रकात मीच लिहिलंय, जाळू नका म्हणून. आणि माझ्याच घरी..."

वहिनी दारातून म्हणाली, "भावजी, कागदावर भात उगवतो काय?"

तू तिला हाताने गप्प केलंस. राबावरची एक फांदी उचललीस. मग विचारलंस, "तुला तिथं खाली बघावं लागतं काय?"

मी हो म्हणालो.

"मग नाय भाजत."

एवढंच! दादा, तू भांडायला हवं होतंस. बांध एक वीत सरकला तर अख्खा गाव गोळा करणारा माणूस तू. माझ्याशीच का नाही भांडलास? मला दोन शिव्या घातल्या असत्यास, तर मी बैठकीत जाऊन खरं सांगितलं असतं. कदाचित. मला खात्री नाही.

तू फांद्या उचलल्यास, बांधाच्या कडेला खड्डा खणून त्यात भरल्यास, आणि न भाजलेल्या वाफ्यात भात पेरलंस. पाऊस लागल्यावर वहिनीचा निरोप आला, वाफ्यात तण लय झालंय, भावजींना सवड असली तं यावं. त्या रविवारी शहरात झाडं लावायचा कार्यक्रम होता. पुढच्या रविवारी घरोघरी जाऊन कचऱ्याचे डबे पाहायचे होते. मी आलो तेव्हा लावणी उरकली होती.

"रोप कसं झालं?" मी विचारलं.

"झालं."

वहिनी चुलीकडे तोंड करून बसली होती. तू हसून म्हणालास, "भाताचा कोंब आन तनाचा कोंब, लहानपनी दोगं भावाभावासारखे दिसतात. वळखाया खाली बसावं लागतं." मीही हसलो. तुझे दोन्ही गुडघे सुजले होते आणि मी त्याला पावसाळी वात समजलो!

या पौषात तू खळ्यावरून घरी आलास, पाणी मागितलंस आणि गेलास. तेराव्याला शेजारच्या शेतातला गणादादा माझ्याजवळ येऊन बसला. त्याने सांगितलं ते तू मला कधीच सांगितलं नसतंस.

"त्या साली तुझा दादा माझ्याकडं रोप मागाया आला. पयल्यांदा! दर साली त्याचंच रोप उरायचं, तोच आमाला मुठी द्यायचा. मी बोललो, काय झालं रे? तं बोलतो, वळवाच्या पावसात राब भिजला, पेटलाच नाय. मी बोललो, आरं, माझा पेटला, लगतच्या शेतात तुझा कसा भिजला? तं गप. आमी लय चिडवला त्याला. म्हातारा झाला, आभाळ वाचता येत नाय आता."

राब भिजला! आभाळ काळं व्हायच्या आधी गावातल्या बायका तुला विचारून पापड वाळत घालायच्या. तुझा राब कधी भिजला होता? भाऊ शहापुरात खाली बघणार नाही, म्हणून तू गावात खाली बघितलंस, दोन पावसाळे. आणि मी गणादादासमोर चहा प्यालो. मान डोलावली.

गेल्या वर्षी तू मला न विचारता अर्धे वाफे भाजलेस, अर्धे तसेच ठेवलेस. "अर्धा माझा, अर्धा तुझा," म्हणालास. खड्ड्यातलं खत तोवर नीट कुजलं होतं. दोन्हीकडचं रोप चांगलं आलं. मी खूश झालो, कार्यालयात सांगितलंसुद्धा. माझ्या अर्ध्यातलं तण कोणी काढलं, हे मात्र विचारलं नाही.

या वैशाखात वहिनीने विचारलं, "भावजी, यंदा राब भाजाचा का नाय? तुमी सांगाल तसं."

मला भीती वाटली त्या शब्दांची. तूही तेच केलं होतंस, मी सांगेन तसं. मी म्हणालो, "दादाने केलं तसंच. अर्धा."

"मग तुमचा अर्धा कोन बेननार?"

"मी."

ती हसली, दादा. तू गेल्यापासून पहिल्यांदाच हसली. "तुमी? तुमाला तन कुठलं आन भात कुठलं, कळतं तरी काय?"

नाही कळत. आज सकाळी मी मूठभर भात उपटून टाकलं. वहिनी बांधावरून ओरडली, "भावजी, ते भात हाय!" मग येऊन शेजारी बसली, दोन कोंब हातात धरून दाखवले. पान कुठे खरखरीत लागतं ते बोटाने बघायचं. दुसऱ्या वाफ्याच्या शेवटाला जमायला लागलं.

पत्रक यंदा पुन्हा छापलं. मी साहेबांना म्हणालो, शेतकऱ्यांसाठी एक ओळ वाढवू, की न जाळता पेरलं तर तण हाताने काढावं लागतं, त्यासाठी घरातल्या सगळ्यांनी बसावं. ते म्हणाले, "सूचना छोटी हवी. लांब असली की लोक वाचत नाहीत." मी वाद घातला नाही. आता वाद घालायचाही कंटाळा येतो.

पण ती सूचना खोटी नव्हती रे. बांधावरचे ऐन तू गेल्या वर्षी कमी तोडलेस, त्यांना केवढा पाला फुटलाय! सकाळी त्यांच्या सावलीत पाणी प्यायलो. तू पाहिलं होतंस का ते? पाहिलं असशील. बोलला नसशील.

लावणीला सावडीने, एकमेकांच्या शेतात राबायला, सगळे येतील, गणादादाही. दुपारी बांधावर भाकऱ्या सोडल्या की मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. राब भिजला नव्हता. मी भाजू दिला नव्हता. आणि नंतर तण काढायलाही आलो नव्हतो. बायका हसतील, गणादादा चार शब्द ऐकवेल. ऐकवू दे. तुझं आभाळ चुकलं नव्हतं, एवढं गावाला कळलं पाहिजे. आणि रोप उरलं, तर पहिल्या मुठी मी स्वतः त्याच्या शेतात नेऊन टाकीन. हे नक्की करीन, दादा. साहेब कामावर बोलावोत नाही तर न बोलावोत, तोवरचे सगळे रविवार इथले.

सर आलीय. वहिनीचा डोळा लागलाय, तिला उठवत नाही. एक वाफा राहिलाय. तुझं इरलं खुंटीवरून काढून घेतो आणि जातो.

तुझा,
रघ्या