बदरुद्दीनने परत येऊ नये

मी, जगन्नाथ बापूसाहेब साळोखे, वय सत्तावन्न, मूळचा कोल्हापूरचा, सध्या रिग्गई, कुवेत येथे अडकलेला, हे मृत्युपत्र पूर्ण अक्कलहुशारीने लिहून ठेवतो. 'राजीखुशीने' असेही लिहायची पद्धत आहे, पण तेवढा खूश मी नाही. मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

१. कोल्हापूरचे घर आणि बँकेतील शिल्लक पत्नी प्रभा हिची. अंगणातला बास्केटबॉलचा खांब तिने काढू नये. कपडे वाळत घालायला हरकत नाही.

२. मुलगी अबोली हिला माझी शिट्टी. ती फोनवर म्हणते, "बाबा, जस्ट लीव्ह ना!" मला विमानतळावरून परत पाठवले, हे तिच्या डोक्यात शिरतच नाही.

३. तालमीच्या फुटबॉल संघातून खेळत मोठा झालेला मी, इथल्या कॉलेजात तोच खेळ शिकवायला आलो. बास्केटबॉलचा कोच नोकरी सोडून गेला आणि तो खेळही माझ्या गळ्यात पडला. दोन्ही संघांनी मला दिलेल्या ट्रॉफ्या क्रीडासंचालकांना द्याव्यात. फोटोत तसेही तेच पुढे असतात. परदेश दौऱ्याआधी 'सर्व खेळाडूंना परत आणीन' अशी सही ते दर वेळी माझ्याकडून घेत. गेल्या वर्षी बदरुद्दीन दौऱ्यावरून परतला नाही. मीच त्याला पळवले म्हणून त्याच्या वडिलांनी माझ्यावर केस केली आणि निकाल लागेपर्यंत मला प्रवासबंदी झाली. संचालक म्हणाले, "कोच, सिग्नेचर तो आपकी है." त्यांना मी माफ केलेले नाही.

४. बदरुद्दीन आमच्या संघातला सर्वांत उंच आणि सर्वांत गरीब स्वभावाचा मुलगा. जर्सी बदलताना त्याच्या पाठीवर वडिलांनी उठवलेले वळ मी पाहिले आहेत. परवा त्याचा फोन आला. "सर, मैं वापस आके बोल दूँ कि मैं खुद भागा था? आप छूट जाओगे."

'कळवतो' म्हणून मी फोन ठेवला. मला घरी जायचे आहे. फार जायचे आहे.

प्रभाला सांगितले, तर म्हणाली, "मग त्याला ये म्हणा की! आणि किती वाट बघू मी?" तिचे काहीच चुकत नाही.

बास्केटबॉलमध्ये बाहेर बसवलेला खेळाडू पुन्हा आत येतो. फुटबॉलमध्ये एकदा बदलला की त्या सामन्यात परतत नाही. बदरुद्दीन, दोन्ही खेळ तू माझ्याकडेच शिकलास. हा फुटबॉल समज. येऊ नकोस.

५. बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. चौथे आजपासून, मी वाचलो तरीही.

६. मेलो तर माझा देह प्रभाकडे पाठवावा. तेव्हा मला कोणी विमानतळावर अडवणार नाही.

सही करण्यापूर्वी शेजारच्या अजयने हे सर्व वाचले आणि विचारले, "वहिनींना काय सांगू, सर?" मी म्हटले, "वाचलो तर मीच सांगेन. नाहीतर तू चौथे कलम वाचून दाखव, आणि ती बोलेल ते माझ्या वतीने ऐकून घे." तो हो म्हणाला, म्हणून त्याचे नाव साक्षीदारांत पहिले.

सही: जगन्नाथ बापूसाहेब साळोखे

साक्षीदार:
अजय तावडे, शेजारी
मंदा कांबळे, परिचारिका

रिग्गई, कुवेत
२ फेब्रुवारी २०२५