रविवारी शिट्टी कोण वाजवणार

मी, विलास दामोदर खांबेटे, वय वर्षे सहासष्ट, मूळचा पुण्याचा, गेली बत्तीस वर्षे जर्मनीत झिंडेलफिंगेन येथे राहणारा, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेला क्वालिटी इन्स्पेक्टर, सकाळचा चहा घेऊन, डोके ठिकाणावर ठेवून आणि कोणीही पाठीमागे उभे नसताना (पत्नी सरिता बाजारात गेली आहे) हे मृत्युपत्र लिहायला घेत आहे. आज मार्च महिन्याची पाच तारीख, सन २०१६. मे महिन्यात डॉक्टर माझी बायपास शस्त्रक्रिया करणार आहेत. तोपर्यंत चालायचे, पळायचे नाही, अशी त्यांची ताकीद आहे. माझी अडचण मरणाची नाही, पळण्याची आहे. ती पुढे कलम सहामध्ये येईल.

इथल्या कायद्याप्रमाणे असे मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वहस्ते लिहावे लागते. साक्षीदार लागत नाहीत. पण दोन साक्षीदारांशिवाय आपल्या माणसाला कागद पुरा झाल्यासारखा वाटत नाही, म्हणून ते मी घेणार आहे. आणि ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष करू नये, हा आपल्याकडचा दंडकही पाळणार आहे. मराठीत लिहितो आहे, कारण मला राग आणि माया दोन्ही मराठीतच येतात. आमची मुलगी निशिगंधा हिला देवनागरी वाचता येत नाही, ऐकून मात्र सगळे समजते. तिला हे सरिताने वाचून दाखवावे आणि वाचताना मधले काही गाळू नये.

कलम एक. राहता फ्लॅट माझ्या पश्चात सरिताचा. त्यासोबत जिना झाडण्याची आठवड्याची पाळी, म्हणजे केरवोख, हीसुद्धा तिच्याकडेच जाईल. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्याच्या कोपऱ्यावरून बोट फिरवून दाखवले तर सरिताने हसावे आणि चहाला बोलवावे. मी एकोणीस वर्षे वाद घातला. उपयोग झाला नाही.

कलम दोन. बँकेतील सर्व ठेवी प्रथम सरिताच्या, तिच्यानंतर निशिगंधाच्या. गाडी निशिगंधाने हायडेलबर्गला आपल्या घरी न्यावी. ब्रेक नवे आहेत.

कलम तीन. कोथरूडच्या फ्लॅटमधील माझा अर्धा हिस्सा मी धाकटा भाऊ गुरुदत्त यास देतो. त्याने मला न विचारता गॅलरी बंद करून घेतली, तेव्हा आम्ही दोन वर्षे बोलत नव्हतो. आता त्या गॅलरीत त्याची नात झोपते, म्हणजे गॅलरी सत्कारणी लागली. मात्र "एवढा इंजिनिअर होऊन तिकडे जाऊन शिट्ट्या मारतोस होय रे?" हे त्याचे वाक्य मी विसरलेलो नाही. हिश्शासोबत त्याला माझे रेफरीचे पिवळे कार्डही पाठवावे. लाल कार्ड कोणालाच देत नाही.

कलम चार. मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि पाने-पक्कडीची पेटी निशिगंधाची. ती प्रयोगशाळेत काम करते, तिला त्यांची किंमत आहे. ड्रिल मशीन आमचे मित्र चारुदत्त यांच्याकडे आहे. ते मी दिलेले नाही, त्यांनी नेलेले आहे. त्यामुळे ते लाभार्थी ठरत नाहीत आणि साक्षीला चालतात. परत मागू नये, कारण मिळणार नाही.

कलम पाच. हे कलम देण्याचे नाही, मानण्याचे आहे.

एफ. सी. अदोम हा या गावातला फुटबॉल क्लब. घाना आणि टोगोहून आलेल्या लोकांनी १९९८ साली काढलेला. अदोम म्हणजे त्यांच्या भाषेत देवाची कृपा. काढणाऱ्यांमधला मुख्य क्वाबेना ओफोरी हा कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये होता. मी त्याने रंगवलेल्या दरवाजांतले दोष काढायचो आणि तो मला त्याच्या डब्यातला भात द्यायचा. क्लबाला खेळाडू रग्गड होते, अडले होते रेफरीवाचून. इथला नियम असा की लीगमध्ये खेळायचे तर प्रत्येक क्लबाने संघटनेला आपला रेफरी पुरवायचा. नाही पुरवला तर दंड होतो आणि पुढे गुण कापतात. खेळणे सोडून शिट्टी कोण धरणार? क्वाबेना जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आला. मला तो ओंकेल म्हणायचा, म्हणजे काका.

"ओंकेल, तुम्हाला दोष काढायचा पगार मिळतो. रविवारी फुकट काढाल का?"

सरिता म्हणाली, "अहो, जा तुम्ही. घरात माझे काढता त्यापेक्षा तिकडे काढा."

मी परीक्षा दिली, पास झालो आणि अठरा वर्षे शिट्टी वाजवली. मात्र स्वतःच्या क्लबाच्या सामन्यात कोणाला रेफरी होता येत नाही. शिवाय अदोमचा सामना रविवारी असायचा आणि माझाही, भलत्याच गावात, भलत्याच दोन संघांचा. त्यामुळे ज्या क्लबाला खेळता यावे म्हणून मी पळत होतो, त्याचा एकही सामना मी पाहिलेला नाही. सराव पाहिले, विजयाच्या मिरवणुकीत नाचलो, दोन बारशांना आणि एका लग्नाला गेलो. सामना तेवढा राहिला. क्वाबेना फोन करून सगळे सांगायचा आणि हरल्यावर दर वेळी तेच विचारायचा, "तुमचा तो जातभाई आंधळा आहे काय?"

एकदा एका गावात, नाव लिहीत नाही, मी पेनल्टी दिली म्हणून प्रेक्षकांतल्या एकाने माझ्या अंगावर बिअर ओतली आणि जिथून आलास तिथे परत जा, असे सुनावले. त्या वेळी हसणारे पुष्कळ होते. मी सामना पुरा केला, घरी आलो आणि सरिताला म्हटले, बस झाले. पुढच्या महिन्यात नेमणूक पुन्हा त्याच गावी आली. जायचे नाही असेच ठरवले होते, पण शब्द दिलेला म्हणून गेलो. अदोमचे मैदान त्या आठवड्यात पाण्याखाली होते, त्यामुळे त्यांना सामना नव्हता. मी मैदानात उतरलो तर रेषेबाहेर अख्खा अदोम क्लब उभा! चर्चला घालायचे कपडे, बायकांच्या डोक्याला रंगीत कापडे, कडेवर पोरे. ओरडणे नाही, शिवीगाळ नाही. मी शिट्टी वाजवली की ते टाळ्या वाजवायचे. फाउल दिला, टाळ्या. थ्रो दिला, टाळ्या. तो बिअरवाला मध्यंतरालाच घरी गेला. रेफरीसाठी कोणी टाळ्या वाजवत नाही हो, जगात कुठेच नाही. मला समोरचा चेंडू दिसेना. दोन ऑफसाइड माझ्या नजरेतून सुटले त्या दिवशी, आणि मला त्याचे काही वाटले नाही.

या देशाने मला नोकरी दिली, पेन्शन दिली, त्याबद्दल मी आभारी आहेच. पण आपला माणूस म्हणून माझ्या बाजूने उभे राहणारे मला इथे पहिल्यांदा मिळाले ते घाना-टोगोचे. हे माझ्या वारसांनी लक्षात ठेवावे, आणि अदोमच्या कोणीही कधीही घराची बेल वाजवली तर त्याला जेवल्याशिवाय जाऊ देऊ नये.

कलम सहा. माझी शिट्टी, घड्याळ आणि नाणेफेकीचे नाणे मी ................ यास देतो.

ही जागा मोकळी आहे. दुसरा रेफरी नसलेल्या क्लबाचा रेफरी पळू शकत नाही, हे या घरातले आजचे खरे दुखणे आहे. जूनअखेर नवे नाव गेले नाही तर पुढच्या मोसमात अदोमचे गुण कापतील. संघ आधीच तळाशी आहे. कापलेले गुण भरून निघणार नाहीत, पोरे दुसऱ्या क्लबांत पांगतील आणि अठरा वर्षांचे घर मोडेल. कर्तव्य मृत्युपत्राने देता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी नाव सापडेपर्यंत मी पुढे लिहिणार नाही.

(येथून पुढचा मजकूर २१ मे २०१६, शनिवार रोजी लिहिला आहे.)

मार्चमध्येच सगळ्यांना घरी बोलावले होते. सरिताने साबुदाण्याचे वडे केले. वडे संपले, नाव काही निघेना. एकाची शिफ्ट, एकाला जुळी. आमचा सेंटर फॉरवर्ड म्हणाला, "ओंकेल, मला गोल मारायचे असतात, मोजायचे नसतात." मी कोणावर रागावलो नाही. खेळता येणाऱ्याला शिट्टी धर म्हणणे सोपे नाही.

क्वाबेनाही त्या दिवशी हजर होता. तो आता क्लबाचा अध्यक्ष आणि प्रशिक्षक. अठरा वर्षांत त्याने अदोमचा एकही सामना चुकवलेला नाही. एकदा तर चर्चमध्ये मुलाच्या कम्युनियनचा विधी चालू असताना उठून गेला होता, त्याची बायको अजून ऐकवते. खेळत होता तेव्हा या जिल्ह्यात त्याला लाल कार्ड मिळाले नाही असे गाव शोधावे लागेल. त्याचे नाव माझ्या मनालासुद्धा शिवले नव्हते.

आज सकाळी तो आला. चप्पल काढली, खुर्चीवर बसला आणि खिशातून रेफरीचे ओळखपत्र काढून माझ्यासमोर ठेवले. त्यावर त्याचाच फोटो, लग्नात काढावा तसा गंभीर.

मी म्हणालो, "क्वाबेना, तू? तुला ऑफसाइडचा नियम मान्य तरी आहे का?"

"खरं सांगू? मान्य नाही. पण पाठ आहे." मग तो म्हणाला, "दोन महिने क्लासला जात होतो. कोणाला सांगितलं नाही, नापास झालो असतो तर पोरं हसली असती. उद्या पहिला सामना आहे, बोब्लिंगेनच्या पुढे कुठेतरी."

"उद्या अदोमचा सामना आहे. घरच्या मैदानावर."

"हो, माहीत आहे."

"तू नसशील तिथे. उद्याही नाही आणि पुढेही नाही. कळतंय ना तुला?"

"ओंकेल, तुम्हाला हे अठरा वर्षांपूर्वी कोणी विचारलं होतं का?" तो माझ्याकडे न बघता चहा ढवळत राहिला. "माझ्या जागेवर उद्या तुम्ही बसायचं. बाकावर, मधोमध. मी पोरांना सांगितलंय."

सरिता आतून आली, तिने सगळे ऐकले होते. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि "थांब, शिरा करते" एवढेच म्हणाली.

मी कपाट उघडले. शिट्टी, घड्याळ, नाणे बाहेर काढले आणि त्याच्या हातात दिले. शिट्टी उकळून घे म्हणून सांगितले. तो म्हणाला, "नाही उकळणार."

सबब कलम सहा मी माझ्या हाताने रेघ मारून रद्द करत आहे. जे जिवंतपणी हाताने देता आले, ते मृत्युपत्रात ठेवण्याचे कारण उरलेले नाही. या मृत्युपत्राने क्वाबेना ओफोरी यांना काहीही मिळत नाही, म्हणून ते साक्षीदार होऊ शकतात आणि झाले आहेत. त्यांना मराठी येत नाही. मी सारे जर्मनमध्ये सांगितले; कलम पाचच्या वेळी ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मंगळवारी शस्त्रक्रिया आहे. उद्या तीन वाजता मी बाकावर असेन. निशिगंधा गाडीने येते आहे, तिलाही सामना पाहायचा आहे. डॉक्टरांनी उत्तेजित होऊ नका म्हणून बजावले आहे. तो सल्ला उद्यापुरता मी नम्रपणे नाकारत आहे.

हे सर्व मी समजून, राजीखुशीने, कृतज्ञतेने लिहिले आहे.

सही: विलास दामोदर खांबेटे
स्थळ: झिंडेलफिंगेन
दिनांक: २१ मे २०१६

साक्षीदार:
१. चारुदत्त मोहन सबनीस, झिंडेलफिंगेन
२. क्वाबेना ओफोरी, रेफरी, एफ. सी. अदोम