आजोबांना बोट लागली

अहो,

पत्र लिहायची मला सवय नाही, चौथीतच शाळा सुटली. पण आज तुमच्या लेकीनं असा घोळ घातलाय की तो तुम्हालाच सांगायला हवा.

शाळेत रेश्मानं तुमच्या आजोबांच्या बोटीवर इंग्रजीत निबंध वाचला. टाळ्या पडल्या म्हणे! म्हटलं, मराठीत सांग. तर म्हणते, "पणजोबांना बोट लागली, आई. अ‍ॅक्सिडेंट! तरी ते काम करत राहिले."

"अगं बये, बोट लागली म्हणजे उलट्या झाल्या!" मी ओरडले. मग हसले. असलं हसायला तुम्ही हवे होतात.

आखातातल्या लढाईनंतर आपण इथं कुवेतला, मंगफला परत आलो, तेव्हापासून तर बोटीची गोष्ट रोजच सांगायचात. राणीच्या राज्यात विलायतेत बांधलेली आगबोट. वर साहेब-मडमांना पियानो, खाली अमेरिकेला पोट भरायला निघालेले गरीब गोरे, दाटीवाटीनं निजलेले. पुढे शिपाई नि घोडे घेऊन आफ्रिकेच्या लढाईला गेली. मग विकली, नाव बदललं. परत विकली, परत नाव. म्हातारी झाल्यावर मुंबईला आली, हाजींना जेद्द्याला न्यायला. तेव्हा आजोबा आगवाले म्हणून चढले, भट्टीत कोळसा टाकायला. तुम्ही तिथंच थांबायचात. मी म्हणायचे, "झालं? आता जेवा."

बघा, सगळं पाठ आहे. मी ऐकत नव्हते असं तुम्हाला वाटायचं. मलाही तसंच वाटायचं.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात तुम्ही परत सुरू केलंत. मी वैतागले, "शेवटी भंगारातच गेली ना ती?"

"हो. गेली," म्हणालात नि भिंतीकडे वळलात. नंतर बोटीचा विषय काढलाच नाहीत.

तुम्ही ते स्वतःवर घेतलंत, हे मला का कळू नये? जीभ आवरली असती तर माझं काय जात होतं! पण तुम्ही तरी रागवायचं होतंत. बावीस वर्षं भांडलात, नि त्याच दिवशी ऐकून घेतलंत?

आता रेश्मा विचारते, "त्या बोटीचं शेवटी काय झालं? बाबांनी सांगितलंच नाही."

शुक्रवारी तिला सुट्टी आहे. पहिल्यापासून सांगेन, उलट्यांसकट. नीट समजलं का तेही विचारेन. बोट मोडली हे मात्र हळू सांगेन. तिथं घाई करणार नाही.

तुमची,
सुलभा